फोन नेमका कितव्या सेकंदाला कट होतो? आधी घड्याळ लावा

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याच्या पेढीवर, तिथला इंटरनेटवरचा फोन दुरुस्त करायला, मी गेल्या उन्हाळ्यात एकाच तक्रारीसाठी चार चकरा मारल्या. दिल्ली-पंजाबकडचा व्यापारी फोन करतो, आजचा भाव विचारतो, मुनीमजी भाव सांगायला लागतात, आणि फोन कट. व्यापारी पुन्हा लावतो, पुन्हा कट. तिसऱ्यांदा तो लावत नाही, रावेरच्या दुसऱ्या कुणाला तरी लावतो. केळीचा माल थांबत नाही. कापलेले घड त्याच दिवशी गाडीत भरावे लागतात. म्हणून सकाळचे दोन तास फोन बिघडला तर त्या दिवसाचा सौदा गेला.

दर वेळी मी जायचो, फोनची मशीन (पेढीचे येणारे-जाणारे कॉल जोडणारी पीबीएक्स) बंद करून चालू करायचो, दोन-चार कॉल लावून बघायचो. सगळं ठणठणीत. दहा-बारा दिवसांनी शेठचा परत फोन, "भाऊ, पुन्हा तेच सुरू झालं." पैसे मागायलाही जीव धजत नव्हता.

चौथ्या वेळी मी मशीनला हातच लावला नाही. पेढीच्या बाहेर रस्त्यावर उभा राहिलो, मोबाईलवरून पेढीचा नंबर फिरवला आणि मुनीमजींनी उचलल्याबरोबर हातातल्या घड्याळावर मोजायला लागलो. बत्तिसाव्या सेकंदाला कट. पुन्हा लावला, बत्तीस. तिसऱ्यांदाही बत्तीस.

तिथेच निम्मं काम झालं. इंटरनेट हळू असतं किंवा केबल सैल असती, तर एक कॉल दहा सेकंदांत तुटला असता आणि दुसरा चार मिनिटांनी. दर वेळी त्याच सेकंदाला तुटणारा कॉल कुठेतरी ठरवून दिलेली मुदत संपल्यामुळे तुटतो. ती मुदत कुठली, हे कळलं की बिघाडाची जागा सापडते. इंटरनेटवरच्या फोनची कुठलीही वारंवार येणारी तक्रार आली की मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो: किती वेळाने?

३२ सेकंदांचा हिशेब

इंटरनेटवरच्या फोनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी चालतात. कॉल जोडणं, घंटी वाजवणं, तोडणं हा निरोपांचा व्यवहार एसआयपी या पद्धतीने होतो. तिचे नियम २००२ साली आरएफसी ३२६१ या नियमपत्रात पक्के झाले आणि आजही तेच पाळले जातात. प्रत्यक्ष आवाज मात्र आरटीपी नावाने वेगळ्या वाटेने जातो. म्हणून निरोपांची वाट अडलेली असतानाही आवाज छान ऐकू येऊ शकतो, आणि याच्या उलटही होतं.

बाहेरून कॉल आला आणि मुनीमजींनी रिसीव्हर उचलला, की पेढीतली मशीन फोन कंपनीकडे "२०० ओके", म्हणजे "उचलला" असा निरोप पाठवते. कंपनीने त्याची पोच म्हणून "ॲक" पाठवायचा असतो. पोच आली नाही तर मशीन तोच निरोप परत पाठवते: अर्ध्या सेकंदाने, मग एका सेकंदाने, मग दोन, मग दर चार सेकंदांनी. नियमात मुळातली वेळ अर्ध्या सेकंदाची आहे आणि तिच्या चौसष्ट पट थांबायचं असं लिहिलंय. अर्ध्याच्या चौसष्ट पट म्हणजे ३२. बत्तीस सेकंदांत पोच आली नाही तर मशीन समजते की समोर कुणी नाही, आणि कॉल तोडते. तोपर्यंत दोन माणसं अगदी स्पष्ट बोलत असली तरीही.

हे डोळ्यांनी बघता येतं. मशीन ॲस्टरिस्क किंवा फ्रीपीबीएक्स या सॉफ्टवेअरवर चालत असेल तर तिच्यावर "एसएनग्रेप" नावाचं फुकटचं साधन बसवा. कॉल चालू असताना पडद्यावर दोन उभ्या रेघा दिसतात, एक आपली मशीन आणि एक कंपनी, आणि मधे बाण. सावद्याला मी ते लावलं आणि मुनीमजींना शेजारी बसवलं. "२०० ओके"चा बाण आपल्याकडून निघाला. परत निघाला. परत. एकामागून एक अकरा बाण, सगळे एकाच दिशेने, आणि समोरून एकही नाही. मग शेवटी "बाय". मुनीमजी म्हणाले, "हा तर उधारीवाल्याला निरोप पाठवल्यासारखं झालं." अगदी तसंच झालं होतं, पण कंपनीचा दोष नव्हता. ती पोच पाठवत होती, भलत्या पत्त्यावर.

पत्ता चुकतो कसा

आपल्या मशीनला ऑफिसच्या आत १९२.१६८.१.१० असा काहीतरी पत्ता असतो. हा पत्ता म्हणजे पाकिटावर "मारुतीच्या पाराजवळ" एवढंच लिहिण्यासारखं आहे. मारुतीचा पार गावोगावी आहे. गावाचं नाव नसेल तर पोस्टमन कुठे जाणार? तसाच १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता राज्यातल्या लाखो ऑफिसांत आणि घरांत आहे. बाहेरच्या जगाला लागतो तो राऊटरला मिळालेला सार्वजनिक पत्ता. मशीनने निरोपात हा बाहेरचा पत्ता लिहावा म्हणून तो तिला सेटिंगमध्ये सांगून ठेवावा लागतो.

सावद्याच्या मशीनमध्ये तो सांगितलेला होता. म्हणूनच मी तीन वेळा चकलो, कारण सेटिंग बघितलं की बरोबर दिसायचं. तिथे आकड्यांऐवजी एक नाव टाकलेलं होतं, बदलत्या पत्त्याशी जुळवून घेणारं डायनॅमिक डीएनएसचं नाव. नाव बरोबर होतं. पण मशीन ते नाव सुरू होताना एकदाच वाचत होती आणि मिळालेला पत्ता धरून बसत होती.

आता लाईटचा भाग. पेढीत इन्व्हर्टर होता. फोनची मशीन इन्व्हर्टरवर, तर फायबरचा डबा आणि राऊटर बाहेरच्या पडवीत साध्या बोर्डावर. लाईट गेली की राऊटर बंद. लाईट आली की राऊटर नव्याने जोडला जायचा आणि इंटरनेट कंपनी त्याला नवा पत्ता द्यायची. मशीन मात्र इन्व्हर्टरवर शांतपणे चालूच, जुना पत्ता धरून. त्या पत्त्यावर आता दुसऱ्याच कुणाचा तरी राऊटर. कंपनीची पोच तिकडे जायची आणि बत्तीस सेकंदांनी कॉल कट. आवाज मात्र ऐकू यायचा, कारण तो जिथून येतोय तिथेच परत पाठवायची सोय फोन कंपनीच्या बाजूला होती. मी मशीन बंद-चालू केली की ती नवा पत्ता वाचायची आणि सगळं सुरळीत. पुढची लाईट जाईपर्यंत.

उपाय दोन केले. पहिला, इंटरनेट कंपनीकडून कायमचा, म्हणजे स्टॅटिक पत्ता घेतला. दरमहा थोडे पैसे जातात, पण ज्याच्या धंद्याचा जीव फोनवर आहे त्याने ते खर्च करावेत असं माझं ठाम मत आहे. फ्रीपीबीएक्समध्ये "ॲस्टरिस्क सिप सेटिंग्ज"मध्ये एक्स्टर्नल ॲड्रेस आणि लोकल नेटवर्क हे दोन रकाने आहेत; पहिल्यात तो कायमचा पत्ता, दुसऱ्यात ऑफिसच्या आतलं जाळं. दुसरा रकाना लोक रिकामा सोडतात. तो भरला नाही तर आतल्या आत एक्स्टेंशनवर बोलतानाही गोंधळ होतो.

दुसरा उपाय विजेचा. फायबरचा डबा, राऊटर, नेटवर्क स्विच आणि फोनची मशीन, चारही एकाच बॅकअपवर हवेत. एकही बाहेर राहिला तर बाकीच्या तिघांचा उपयोग नाही. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा, नाहीतर वीज बदलताना लागणाऱ्या क्षणभरातही राऊटर पुन्हा सुरू होतो. वेगळी सोय करायची तर राऊटरसाठी बारा व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात. डब्याच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून मगच घ्या.

आणि राऊटर पत्र्याखाली टांगू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो. साध्या राऊटरच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा ४० अंशांची मर्यादा छापलेली असते, आणि पत्र्याच्या शेडमध्ये आढ्याजवळ बाहेरच्यापेक्षाही जास्त तापतं. दुपारी दोन ते पाच या वेळातच फोन बिघडत असेल तर आधी राऊटरला हात लावून बघा.

कायमचा पत्ता मिळालाय असं वाटतं, पण मिळालेला नसतो

राऊटरच्या सेटिंगच्या पानावर डब्ल्यूएएन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राऊटरला दिलेला पत्ता, लिहिलेला असतो तो बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने तुम्हाला आणि इतर अनेकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलाय. याला सीजीनॅट म्हणतात. हे आकडे २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवले गेले. अशा जोडणीवर राऊटरमध्ये कितीही पोर्ट, म्हणजे आत यायची दारं, उघडा, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. कंपनीला सरळ विचारा, मला सार्वजनिक स्टॅटिक पत्ता हवा. तो देत नसतील तर मशीन ऑफिसात ठेवायचा हट्ट सोडा आणि क्लाउडवरची घ्या. तिथे फोन आतून बाहेर जोडले जातात, त्यामुळे ही अडचण बरीच कमी होते.

मदत करायला गेलेला राऊटर

सगळे पत्ते बरोबर आहेत, तरी ३२ सेकंद सुटत नाहीत. मग संशय एसआयपी एएलजीवर घ्या. बहुतेक राऊटरमध्ये ही सोय आधीपासून चालू असते. ती जाणारे-येणारे एसआयपी निरोप उघडून त्यातले पत्ते स्वतः बदलते. हेतू चांगला, पण अनेक राऊटर हे काम अर्धवट करतात: एका ओळीतला पत्ता बदलतात, दुसऱ्या ओळीतला तसाच ठेवतात. मशीननेही बाहेरचा पत्ता लिहिलेला असतो, त्यात राऊटर पुन्हा हात घालतो.

बाहेरून येणारेच कॉल तुटत असतील तर मी आधी आपल्या मशीनमधला पत्ता तपासतो. येणारे-जाणारे दोन्ही तुटत असतील, किंवा एका फोनवर ठीक आणि दुसऱ्यावर बिघाड असं होत असेल, तर आधी एएलजी बंद करतो. मायक्रोटिक कंपनीच्या राऊटरमध्ये आयपी, फायरवॉल, सर्व्हिस पोर्ट्स इथे "सिप" अशी ओळ आहे, ती बंद करायची. फायबरच्या डब्यात हे सेटिंग कधी सिक्युरिटीखाली, कधी ॲप्लिकेशनखाली, तर कधी ग्राहकाला दिसतच नाही. दिसत नसेल तर इंटरनेटवाल्याला डबा ब्रिज मोडवर (म्हणजे तो राऊटरचं काम न करता नेट नुसतं पुढे देईल असा) टाकायला सांगा आणि मागे आपला स्वतःचा राऊटर लावा. फोन कंपनी टीएलएस देत असेल तर तेही चालतं, कारण निरोप कुलूपबंद असल्यावर राऊटरला ते वाचताच येत नाहीत.

एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा. इंटरनेटवाल्याचा मुलगा येऊन डबा रिसेट करून गेला, किंवा डब्याचं सॉफ्टवेअर रात्रीत बदललं, की एएलजी पुन्हा चालू झालेला असू शकतो. "काल तर चांगलं होतं" या तक्रारीच्या मागे बऱ्याचदा हेच निघतं.

दुसऱ्या वेळा, दुसरे बिघाड

पंधरा मिनिटांनी, किंवा अर्ध्या तासाला थोडा वेळ कमी असताना कॉल तुटतो? तर तो सेशन टायमर. बऱ्याच यंत्रणांत तो १८०० सेकंदांचा असतो आणि निम्म्या वेळाने, म्हणजे ९०० सेकंदांनी, "अजून बोलताय ना?" असा निरोप जातो. तो अडला की कॉल संपतो. कारण वरचंच, पत्ता किंवा एएलजी. टायमर बंद करून तात्पुरतं भागतं, पण मूळ दुखणं तसंच राहतं.

पहिल्या क्षणापासून एकाच बाजूचा आवाज येतो? धरणगावच्या एका जिनिंगमध्ये कापूस खरेदीचा हिशेब बघणारे काका मला फोनवर म्हणाले, "त्यानं ऐकू येस, मन्हं त्याले ऐकू जात नही." बिघाडाचं इतकं नेमकं वर्णन मला कुणीच दिलेलं नाही. कोण कुणाला ऐकू येत नाही, हे कळलं की आवाज कुठल्या दिशेला अडतोय ते कळतं. त्यांचा आवाज बाहेर जात नव्हता. फोन वरच्या मजल्यावर वेगळ्या वायफाय राऊटरला जोडला होता, आणि तो राऊटर ऑफिसच्या जाळ्यात आपलं आणखी एक जाळं बनवून बसला होता. त्याला ॲक्सेस पॉईंट मोडवर टाकलं, म्हणजे स्वतःचं जाळं न बनवता तो नुसतं वायफाय देईल असं केलं, काम झालं. उलटं असतं, म्हणजे समोरच्याचा आवाज आत येत नसता, तर मी आरटीपीचे पोर्ट बघितले असते. ॲस्टरिस्कमध्ये ते बहुधा १०००० ते २०००० असे ठेवलेले असतात.

आता जो बिघाड मला सगळ्यात घातक वाटतो तो. आपण फोन लावला तर लागतो, पण बाहेरून येत नाहीत. आपण एखादा कॉल केला की त्यानंतर थोडा वेळ बाहेरचेही येतात, मग पुन्हा शांत. यात ऑफिसात कुणालाच काही कळत नाही, कारण घंटीच वाजत नाही. गिऱ्हाईक म्हणतं "तुमचा फोन लागत नाही" आणि आपण म्हणतो "आमचा तर चालू आहे". कारण असं: मशीन फोन कंपनीला "मी इथे आहे" असं कळवते तेव्हा राऊटर त्या वाटेचं दार उघडतो. पण त्या दारातून कुणी ये-जा केली नाही तर राऊटर ते बंद करून टाकतो. लिनक्सवर चालणाऱ्या अनेक राऊटरमध्ये ही मुदत अवघी ३० सेकंद आहे. मशीन मात्र एका तासाने पुन्हा कळवणार असेल, तर मधला सगळा वेळ दार बंद. उपाय सोपा आहे. मशीनमध्ये क्वालिफाय किंवा कीप-अलाइव्ह, म्हणजे दार उघडं ठेवणारा छोटा निरोप, २० ते २५ सेकंदांवर ठेवा, आणि नोंदणीची, म्हणजे "मी इथे आहे" कळवण्याची, मुदत तासाऐवजी एक-दोन मिनिटांवर आणा.

आवाज तुटतो, घड्याळ काहीच सांगत नाही

इथे वेळ ठरलेली नसते, म्हणून दुसरीकडे बघावं लागतं. लोक लगेच म्हणतात, नेट वाढवून घ्या. जी.७११ या नेहमीच्या कोडेकला, म्हणजे आवाजाचे आकडे करायच्या पद्धतीला, एका कॉलमागे एका दिशेला साधारण ८७ किलोबिट प्रति सेकंद लागतात. दहा कॉल एकाच वेळी चालू असले तरी एक मेगाबिटसुद्धा भरत नाही. पन्नास मेगाबिटच्या फायबरवर ते कमी कसं पडेल? कमी पडते ती रांगेतली जागा. मुनीमजींनी घडांचा व्हिडिओ दिल्लीला पाठवला, किंवा कॅमेरे क्लाउडवर चित्र चढवायला लागले, की राऊटरच्या दारात मोठी रांग लागते आणि आवाजाची छोटी पाकिटं, सेकंदाला पन्नास, त्या ट्रकच्या मागे अडकतात.

तपासायची रीत: एका कॉम्प्युटरवर बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग (निरोप जाऊन यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि मोबाईलवरून मोठा व्हिडिओ पाठवा. वीस-तीसवर असलेला आकडा दोनशे-चारशेवर उडाला तर रोग सापडला. एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचला तर बोलणं सहज वाटतं असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं मानक सांगतं. त्यापुढे दोघंही एकदम बोलायला लागतात. राऊटरमध्ये अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर बांधा आणि आवाजाला पहिला मान द्या, म्हणजे रांग आपल्याच दारात, आपल्या ताब्यात राहते. टेबलावरच्या फोनला शक्यतो वायर द्या, वायफाय नको.

हे मात्र करू नका

एकतर्फी आवाजाला कंटाळून काही जण मशीनच डीएमझेडमध्ये टाकतात, म्हणजे सगळी दारं सताड उघडी. आवाज येतो, आणि चोरही येतात. ५०६० हा पोर्ट जगभरातून यंत्रं सतत चाचपत असतात. एक्स्टेंशन १०१ आणि पासवर्डही १०१ असेल तर तुमच्या मशीनवरून रात्रीतून परदेशात महागडे कॉल होतील आणि बिल तुमच्या नावावर येईल. हे मी मनापासून सांगतो, कारण छोट्या पेढीला असं एक बिल महिनाभराच्या कमाईला भारी पडतं. ५०६० फक्त फोन कंपनीने दिलेल्या पत्त्यांनाच उघडा. परदेशी कॉलची गरज नसेल तर ते मशीनवर आणि कंपनीकडे, दोन्हीकडे बंद ठेवा. पासवर्ड लांब ठेवा. आणि लाईन परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्या. सिम बॉक्स (अनेक सिमकार्डं घालून कॉल चोरवाटेने वळवणारं यंत्र) लावून स्वस्त कॉल देणाऱ्याला दारातही उभं करू नका, तो गुन्हा आहे.

दुरुस्ती झाली हे कधी समजायचं

दोन कॉल लागले म्हणून मी आता निघत नाही. ऑफिसचं वायफाय बंद करून मोबाईलवरून पेढीला फोन लावतो आणि चाळीस सेकंद बोलतो. मग पेढीवरून बाहेर लावून चाळीस सेकंद. मग दहा मिनिटं कुणीही फोनला हात लावायचा नाही, आणि त्यानंतर बाहेरून कॉल, घंटी वाजली पाहिजे. मग एक कॉल सतरा मिनिटं चालू ठेवायचा. तेवढ्यात चहा होतो.

यानंतर खरी परीक्षा. राऊटरची पिन काढायची, दोन मिनिटं थांबायचं, लावायची. मग मेन स्विच बंद करून सगळं इन्व्हर्टरवर घ्यायचं आणि परत विजेवर आणायचं. दोन्ही वेळा वरचे चारही कॉल पहिल्यापासून.

सावद्याला मेन स्विच मी शेठच्या हातूनच पाडून घेतला. मग बाहेर रस्त्यावर जाऊन फोन लावला. मुनीमजी भाव सांगत होते, मी घड्याळ बघत होतो. तीस, एकतीस, बत्तीस, तेहेतीस. त्यांनी नवतीचा, म्हणजे नव्या लागवडीच्या केळीचा, भाव सांगून संपवला आणि पिलबागेच्या, म्हणजे पिलांवर धरलेल्या पुढच्या पिकाच्या, भावाला सुरुवात केली. राऊटरच्या झाकणावर मी एक कागद चिकटवून आलो: कायमचा पत्ता, एएलजी बंद, कीप-अलाइव्ह २५, आणि त्या दिवशीची तारीख. डबा कुणी बदलला तर येणाऱ्याने आधी तो कागद वाचावा.